अडीचशेवी पौर्णिमा

आमच्या दैनिकात दर पौर्णिमेला ‘चंद्र आणि जनता’ नावाचं सदर येतं. ते मी वीस वर्षं तपासते आहे आणि छापून येण्याआधी एकदाही वाचलेलं नाही. यात कामचुकारपणा नाही, उलट कामाची शिस्त आहे. मुद्रितशोधन मला ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मजकूर शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे तपासायचा. सरळ वाचलं की अर्थ आडवा येतो, आणि अर्थ आडवा आला की चूक निसटते.” तेव्हापासून मी सगळं शेपटाकडून धरते. मंत्र्यांची भाषणं, शोकसभा, हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती. आमच्या पेपरातली प्रत्येक वेलांटी मला माहीत असते. बातम्या मी दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडून ऐकते.

सदर लिहिणारे गृहस्थ ‘नक्षत्रमित्र’ या नावानं लिहितात. कार्यालयात त्यांना सगळे बुवा म्हणतात, पण बुवागिरीशी त्यांचा काही संबंध नाही. नोकरीत ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानात शिरून तराजू तपासायचे, काटा मारणाऱ्यांना पकडायचे. ती सवय हातात राहिली आहे. चहाचा कप दिला तरी आधी तळहातावर तोलून बघतात आणि म्हणतात, “आज कमी भरलाय.”

ग्रहांचं गणित त्यांनी मला एकदा कप आणि बशी मांडून समजावलं होतं.

“हा कप सूर्य, म्हणजे राज्यकर्ते. ही बशी चंद्र, म्हणजे जनता. अमावास्येला जनता राज्यकर्त्यांच्या काखेत जाऊन बसते, दिसतच नाही. पौर्णिमेला मात्र दोघं अगदी समोरासमोर. मग एक तर भांडण, नाही तर नुसती बघाबघी.”

“आणि शनी?”

“शनी म्हणजे तुम्ही, बाई. चुका काढणारा.”

ग्रह काही ऐनवेळी रजेवर जात नाहीत. त्यामुळे बुवा सहा महिन्यांची सदरं एकदम लिहून, खाकी पाकिटात घालून आणून देतात. पाकीट संपादकांच्या खणात पडतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपादक वरचा कागद काढून टाइप करायला देतात, पानं लावणारा ते पट्टीनं मोजतो, दोन रकाने, अठरा सेंटिमीटर, आणि मग ते माझ्याकडे उलटं वाचायला येतं. असं ते चार जणांच्या हातांतून जातं आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरत नाही. बुवा स्वतः छापील सदर उघडत नाहीत. तपासून शिक्का मारलेला तराजू पुन्हा तपासू नये, असं त्यांचं म्हणणं.

माझ्याकडे एक वही आहे. घरी एकटी असते, संध्याकाळी हाताला काही तरी लागतं. पौर्णिमा उलटून महिना झाला की मी तो अंक काढते, सदर पहिल्यांदाच सरळ वाचते आणि त्यातलं काय खरं झालं ते मांडते. तीन रकाने आहेत: ठरलं, नाही ठरलं, सांगता येत नाही. तिसरा रकाना पहिल्या दोघांना गिळून बसला आहे. ‘वरिष्ठांच्या मनात अस्वस्थता राहील’ हे मी कुठे जाऊन पडताळू? आमच्या संपादकांच्या मनात ती रोजच असते.

वहीबद्दल बुवांना ठाऊक आहे. दर खेपेला विचारतात, “काय बाई, किती भरलं?” मी आकडा सांगते. त्याचं त्यांना वाईट वाटत नाही. सलते ती दुसरीच गोष्ट. वीस वर्षांत या सदरावर वाचकांची सात पत्रं आली. त्यांतली सहा आमच्याच गावातल्या एका विज्ञान शिक्षकांची, हे थोतांड बंद करा म्हणून. सातवं पाणीपुरवठ्याबद्दलचं होतं, चुकून या फाइलला लागलं.

“खरं सांगा बाई,” बुवा अधूनमधून विचारतात, “कोणी वाचतं का हो?”

मी म्हणायची, “छापून येतं ना, मग कोणी तरी वाचत असेल.” उलटं वाचणारीनं याहून जास्त काय सांगायचं.

त्यांच्या घरचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कप तळहातावर तोलत. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. दम्याचं दुखणं होतं. एकुलती एक मुलगी तीन तासांवरच्या शहरात मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहे. ती रोज फोनवर विचारायची, “बाबा, येऊ का?” बुवांनी कुंडली मांडली आणि सांगितलं, “कठीण दिवस सोमवारनंतर आहेत. तेव्हा ये. आत्तापासून रजा वाया घालवू नकोस.” बायको शुक्रवारी गेली. मुलगी शनिवारी पोचली. रडली, आवराआवर केली, आणि जाताना दारात एवढंच म्हणाली, “साऱ्या जगाचं बघता बाबा. घरातलं माप चुकलं तुमचं.”

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. पाच मिनिटं. जेवलात का, औषध घेतलंत का, हवा कशी आहे. आमचा पेपर त्या शहरातही जातो, पण ती वाचत नाही. वडिलांचं सदर तर नाहीच नाही.

आता सत्काराचं. ही पौर्णिमा अडीचशेवी, हे मीच वहीवरून संपादकांना सहज बोलून गेले. संपादक म्हणाले, “मग सत्कार करूया.” आमच्या संपादकांचं ‘करूया’ साधारण संध्याकाळपर्यंत टिकतं. हे टिकलं, कारण नगराध्यक्षबाईंना व्यासपीठावर आणायला त्यांना निमित्त हवंच होतं.

“तारीख तुम्हीच काढा बुवा. चांगला दिवस बघा.”

बुवांनी दोन दिवस घेतले आणि जिना चढून आले. “अडीचशेवीच पौर्णिमा. शनिवार आहे. संध्याकाळी सहा.”

“एवढी खात्री?”

“चंद्र मकरेत, शनीही मकरेत, स्वतःच्या घरात. माझी रास मेष. म्हणजे दोघंही माझ्या दशमात, मानाच्या स्थानात. हा शनी तीस वर्षांनी एकदा तिथे येतो. मागच्या खेपेला आला तेव्हा मला बढती मिळाली होती. त्याच्या आधी आला तेव्हा शाळेत पाठांतरात पहिला आलो होतो.”

निमंत्रणं छापली. ती मी तपासली, उलटी. मुलीला त्यांनी फोनवरच वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बघते.” ‘बघते’चा अर्थ काय होतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बुवांनी तो विषय सोडून दिला. मग बुधवारी दुपारी ते धापा टाकत दोन मजले चढून माझ्या टेबलाशी येऊन बसले.

“येतेय,” ते म्हणाले.

“कोण?”

“मुलगी. रजा मिळाली. शनिवारी एकच्या बसनं निघते, चारला पोचते.”

मी चहा सांगितला. तो आला, त्यांनी न तोलताच प्यायला.

“भाषण करावं लागेल तुम्हाला,” मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, चार घड्यांचा.

“तपासून देऊ?”

“नको बाई,” ते कागद परत खिशात घालत म्हणाले. “हे उलटं वाचायचं नाही.”

शुक्रवारी संध्याकाळी सदर माझ्याकडे आलं. ‘सार्वजनिक’मधली वेलांटी चुकली होती, एक अनुस्वार सुटला होता. दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि घरी गेले.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात मी पावणेपाचला पोचले. साठ खुर्च्या मांडलेल्या, व्यासपीठावर टेबल, चादर, माइक, पाण्याचा जग. एका कोपऱ्यात साठ कपांचा चहा एका मोठ्या डब्यात गरम होत होता आणि त्याच्याशेजारी त्या दिवशीच्या अंकांचा गठ्ठा ठेवला होता, पाहुण्यांना वाटायला. वाचनालयाचा शिपाई खिडक्या पुसत होता. बुवा आधीच आले होते. नवा सदरा, घड्यांच्या रेषा तशाच. दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीवर एक कापल्याची खूण.

“चारच्या बसला नव्हती,” ते म्हणाले. “चुकली असेल. पाचची असते, मग साडेसहाची.”

पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर त्यांनी आपली कापडी पिशवी ठेवली होती. साठ खुर्च्या रिकाम्या असताना जागा धरून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

सहा वाजता सभागृहात आम्ही चार होतो: बुवा, मी, शिपाई आणि हातात पुष्पगुच्छ धरलेले संपादक. सहा वाजून दहा मिनिटांनीही चारच. संपादकांनी पुष्पगुच्छ माझ्याकडे दिला आणि फोन लावायला सुरुवात केली. नगराध्यक्षबाईंच्या कारकुनानं सांगितलं, बाईंना ताप आहे. किती आहे विचारलं तर म्हणाला, “तो उद्यापर्यंत उतरेल.” संपादकांनी एकूण पंधरा फोन केले आणि सवयीनं मी मोजत गेले. ताप तिघांना. पाहुणे पाच जणांकडे. पोट दोघांचं. ‘अरेच्चा, आज होता का?’ चौघं. पंधरावा एक निवृत्त मुख्याध्यापक निघाला, त्याला खोटं बोलायचा सराव नव्हता.

“आज पौर्णिमा आहे ना,” तो म्हणाला. “कशाला उगाच विषाची परीक्षा.”

“अहो, पौर्णिमा आहे म्हणून तर आज ठेवलाय,” संपादक म्हणाले आणि फोनकडे बघत राहिले.

मी त्या गठ्ठ्याकडे गेले. वरचा अंक उचलला, चौथं पान काढलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा बुवांचं सदर त्याच दिवशी, सरळ वाचलं.

‘या पौर्णिमेस जनतेचा कारक चंद्र शनीच्या सहवासात आहे. जनतेने सायंकाळी सार्वजनिक ठिकाणी एकत्र येणे टाळावे. सभा, समारंभ, सत्कार पुढे ढकलावेत. अशा ठिकाणी अवमान, वाद वा गैरसमज संभवतात. लोकप्रतिनिधींनी आज व्यासपीठावर चढू नये. रुग्णालये व अग्निशमन दलाने मनुष्यबळ वाढवून सज्ज राहावे. एकंदरीत घरीच बसणे हितावह.’

चंद्र तोच आणि शनीही तोच. चार महिन्यांपूर्वी बुवांनी तो जनतेसाठी बघितला आणि पाकिटात बंद केला. मग तारीख काढताना आयुष्यात एकदाच स्वतःसाठी बघितला. दोन्ही वेळा गणित बरोबर होतं. आणि ‘सत्कार’ हा शब्द काल माझ्या बोटाखालून गेला होता. ‘पुढे’ आणि ‘समारंभ’ यांच्या मध्ये. निर्दोष होता, म्हणून मी पुढे सरकले होते.

मी गठ्ठा उचलला आणि टेबलाच्या चादरीखाली सरकवला. पण अंक काही त्या एकाच गठ्ठ्यात नव्हता. जिन्यावर पावलं वाजली, बुवा उठून उभे राहिले, आणि दारात विज्ञान शिक्षक आले. सहा पत्रं लिहिणारे तेच. काखेत आमचाच पेपर.

“आलो,” सर म्हणाले. “मुद्दाम आलो. ‘घरीच बसणे हितावह’ म्हणे. म्हटलं, आता तर जायलाच हवं.” मग त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. “बाकीचे?”

“बाकीचे घरी बसलेत,” मी म्हटलं.

“काय लिहिलंय?” बुवांनी विचारलं.

सरांनी पेपर पुढे केला. बुवांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचला. संपादकांनी त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि मटकन शिपायाच्या स्टुलावर बसले. बुवांचं वाचून झालं तरी कागद खाली येईना. मला वाटलं, आता हे बसतील कुठे तरी, पाणी द्यावं.

“म्हणजे वाचतात,” बुवा म्हणाले.

त्यांनी पेपराची घडी केली आणि तिनंच रिकाम्या रांगा दाखवल्या.

“साठ खुर्च्या. एक माणूस फिरकला नाही. बाई, वहीत लिहा.” त्यांचे कान लाल झाले होते. “वीस वर्षं मला वाटत होतं, मी विहिरीत बोलतोय.”

“मी आलोय,” सर म्हणाले.

“तुमचा विश्वास नाही म्हणून आलात. मानणारा एकही आला नाही.”

सरांनी पुन्हा एकदा रांगा बघितल्या. त्यांच्याकडे बघून मला जास्त वाईट वाटलं. बुवांची इतकी वर्षं आज भरून निघाली होती आणि त्याच खुर्च्यांकडे बघून सरांची इतकी वर्षं वाया गेली होती. “या गावातल्या तीन पिढ्यांना मी शिकवलंय,” ते पुटपुटले. “त्या नगराध्यक्षबाईंनासुद्धा. गुण बरे होते तिला.”

संपादक उठले. “बुवा, असं करू. पुढच्या पौर्णिमेला करूया.”

“थांबा जरा,” बुवा म्हणाले. त्यांची नजर पिशवीवर गेली होती. “मुलगी माझं सदर वाचत नाही. तिला हे माहीतच नसणार. साडेसहाची बस आहे. स्टँडवरून इथे दहा मिनिटं. पावणेसातपर्यंत थांबा.”

मग सगळे बसलो. साठ खुर्च्यांत पाच माणसं. जवळ बसायला हरकत नव्हती, तरी जो तो वेगळ्या रांगेत जाऊन बसला. शिपायानं चहा दिला. बुवांनी कप तळहातावर घेतला. “आज पूर्ण भरलाय,” ते म्हणाले. शिपाई म्हणाला, “साठांचा आहे साहेब. आणखी दोन-दोन घ्यावे लागतील.” खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती आणि तिच्या मागून चंद्र वर येत होता. अजून उजेड होता त्यामुळे फिकट, धुतलेल्या बशीसारखा. खालच्या रस्त्यावर एक सायकल गेली. मग बराच वेळ काहीच गेलं नाही. एरवी शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

पावणेसातला जिन्यावर पावलं वाजली. हळू, थकलेली, हातात काही तरी जड असल्यासारखी. बुवा उठले, सदरा खाली ओढला, आणि पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली. दारातून एक गृहस्थ डोकावले. हातात पुस्तकांचा गठ्ठा.

“खाली कोणी नाहीये. परत करायची होती.”

“सोमवारी,” शिपाई म्हणाला.

बुवांनी पिशवी होती तिथे ठेवली. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज नेहमी मोठा केलेला असतो, आणि रिकाम्या सभागृहात तर तो भिंतीवरून परत यायचा. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

“बाबा, झाला का कार्यक्रम?”

“चाललाय. तू कुठे आहेस?”

“वॉर्डात. आत्ता चहाला सुटले, फोन लॉकरमध्ये होता. सकाळी बॅग भरून घेऊनच आले होते, परस्पर निघणार होते. मेट्रननी रजा रद्द केली.”

“का?”

“अशीच. कामाचं.”

“का ते सांग.”

“पेपरात आलंय म्हणाल्या. पौर्णिमेला रुग्णालयांनी माणसं वाढवून ठेवा म्हणून. सगळ्यांच्याच रजा गेल्या. मी म्हटलं, अहो, हे लिहिणारे माझे वडील आहेत. तर म्हणाल्या, मग तर ऐकायलाच हवं.”

बुवा पिशवीशेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या कानांचा लाल रंग गेला होता. वाचतं का कोणी, याचं उत्तर त्यांना एकाच संध्याकाळी दोनदा मिळालं होतं, आणि दुसऱ्यांदा ते त्यांना नको होतं.

“आलीय का मग गर्दी?” त्यांनी विचारलं.

“कसली गर्दी. अपघात विभागात माशी नाही. दहा जणी बसून चादरींच्या घड्या घालतोय. रस्तेच ओस पडलेत म्हणे. तुमच्याकडे आहे ना पण गर्दी?”

बुवांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. आता ‘हॉल भरलाय’ म्हणणं अगदी सोपं होतं. पण खोटं वजन या माणसानं जन्मात चालवून घेतलेलं नाही.

“पाच,” ते म्हणाले. “शिपाई धरून.”

“काय?”

“घरीच बसा, असं मीच लिहिलं होतं. बसले.”

फोनमध्ये काही तरी खरखरलं. मग कळलं, ती हसत होती. दाबून, वॉर्डात हसतात तसं. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते, पण बुवांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हसणं त्यांनीही बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

“म्हणजे तुम्ही तिकडे बसलाय आणि मी इकडे,” ती म्हणाली.

“हो.” बुवांनी घड्याळ बघितलं. “पाच मिनिटं झाली गं.”

“होऊ देत. आज काम कुठाय मला.”

बुवांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि गुडघ्यावर सपाट केला. “भाषण लिहिलं होतं. तुझ्यासमोर वाचायचं होतं.”

“वाचा की.”

व्यासपीठ समोर होतं, माइकही चालू होता. तिकडे त्यांनी बघितलंच नाही. फोन पिशवीवर ठेवला, चष्मा वर ढकलला आणि वाचायला सुरुवात केली. “मी सोमवार म्हटलं होतं. तू रोज विचारत होतीस, येऊ का.”

आमच्या संपादकांना सूचना तीनदा द्यावी लागते, पण त्या दिवशी सगळ्यांत आधी तेच उठले. आम्ही बाहेर आलो, शिपायानं दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून बुवांची पाठ आणि पुढे मोकळ्या रांगा दिसत होत्या. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र एका गतीनं चालला होता, मधेच थांबायचा, मग पलीकडून काही तरी, मग पुन्हा.

सर माझ्याशेजारी जिन्याच्या कठड्याला टेकले. “आता या सदराविरुद्ध मी काय लिहू?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “पण लिहा. तुमच्याशिवाय त्यांना पत्र पाठवतं कोण?”

रविवारी वहीतली नोंद मी महिना न थांबता केली. लोक घरी बसतील: ठरलं. रुग्णालयांवर ताण: नाही ठरलं, आणि पहिलं ठरलं म्हणूनच नाही ठरलं. अवमान, वाद, गैरसमज: इथे पेन बराच वेळ अडलं. शेवटी तिसऱ्याच रकान्यात टाकलं.

सोमवारी बुवा आले ते थेट संपादकांच्या खोलीत गेले, खाकी पाकीट मागून घेतलं आणि पुढच्या पौर्णिमेचा कागद घेऊन माझ्यासमोर बसले. वीस वर्षांत दिलेल्या मजकुरात त्यांनी काना-मात्रेचा बदल केलेला नव्हता. त्यांनी माझं लाल पेन उचललं आणि समासात एक ओळ घातली: ‘रुग्णालयांनी या काळात कर्मचाऱ्यांच्या रजा अडवू नयेत; अडवल्यास वरिष्ठांना मनस्ताप संभवतो.’

“असं आहे ग्रहांत?” मी विचारलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“नोकरीभर काटा मारणाऱ्यांना पकडलं बाई,” ते म्हणाले. “आज मी मारतोय. तुम्ही शनी आहात. पकडायचं तर पकडा.”

मी तो मजकूर त्या दिवशी सरळ वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग उलटा वाचला. चूक सापडली नाही.

पौर्णिमा झाली. चार दिवसांनी बुवा जिना चढून आले. मी चहा सांगितला.

“दोन दिवस राहिली,” ते म्हणाले.

“बरं झालं.”

“आली, हातपाय धुतले, म्हणाली तुम्ही बसा, चहा मी करते. मी बसलो. आतून हाक आली, बाबा, साखर कुठे आहे?” चहा आला होता, कप त्यांच्या तळहातावर होता पण ते तोलत नव्हते. “तिला आईच्या जागा पाठ. चार वर्षांत मी सगळे डबे हलवलेत. माझा हात वरच्या फळीला पोचत नाही.”

“मग?”

“मग काय. उठून दाखवली. चहापत्तीही दाखवली. सगळंच दाखवलं एकेक करून. तिनं सगळे डबे पुन्हा वर लावले, आणि जाताना परत खाली काढून ठेवले.” त्यांनी चहा प्यायला. “पुढचं बघते म्हणालीय.”

‘बघते’चा अर्थ मी त्यांना सांगितला नाही, त्यांनीही विचारला नाही. वहीत किती भरलं, हेसुद्धा त्या दिवशी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आले, दिवा लावला, चहा टाकला. माझ्याकडे साखरेचा डबा सव्वीस वर्षं एकाच फळीवर आहे. न बघताही हात बरोबर जातो. मी तो उचलला आणि खालच्या फळीवर ठेवून बघितला. तिथे बरा दिसत होता. चहा गाळून झाल्यावर पुन्हा होता तिथे ठेवला.